आठ दिवसांवरचा माणूस

महिपतला घाई झाली, तेव्हाच रंगूबाईच्या मनात पाल चुकचुकली.

घाई आणि महिपत यांचं जन्मात कधी जमलं नव्हतं. थोरला भाऊ गेल्यापासून घराचा कारभार त्याच्या हाती होता. बैल विकायचा असो की कौलं बदलायची असोत, चार वेळा बसून आणि पाच वेळा उठून मगच त्याचा होकार निघायचा. पुतणीचं, म्हणजे रंगूबाईच्या शकूचं लग्नसुद्धा त्याने असंच दोन वर्षं घोळवलं होतं. आणि आज, लग्नाच्या आदल्या दिवशी, पोलादपूरहून अख्खा डोंगर चढून आलेला हा माणूस घोटभर पाणीही न पिता मांडवात उभा राहून ओरडत होता, "देवक आत्ताच बसवू! भटजी कुठं हायत? बोलवा त्यांना!"

"सांजचं ठरलंय ना, भावजी?" रंगूबाई ओटीवर आली. "पालव्या आनायला वाजंत्री घेऊन जायचंय अजून."

"पालव्या मी आनल्यात."

त्याच्या काखेत खरंच पंचपालवीचा भारा होता. वाटेत हाताला लागेल तसा ओरबाडलेला. रंगूबाई बघतच राहिली. देवकाच्या फांद्या अशा जळणासारख्या काखोटीला मारून कुडपण गावात कोणी आणत नसे. घरच्या जोडप्याने वाजतगाजत रानात जायचं, झाडाला हळदकुंकू लावायचं, मग फांदीला हात घालायचा. रंगूबाईचं कुंकू गेलेलं, म्हणून यंदा तो मान महिपतचा आणि त्याच्या बायकोचा. बनुबाईने त्यासाठी ठेवणीतलं लुगडं कालच उन्हात टाकलं होतं. ती आता दारात येऊन नवऱ्याकडे डोळे वटारून पाहत होती.

"आनि रऊफ कुठं राहिला?" रंगूबाईने विचारलं.

"त्याची मोटार बिघडली. येईल सांजच्यापर्यंत."

एवढं बोलून महिपत घाईघाईने मागच्या दारी गेला. रऊफ महाड-पोलादपूर मोटार चालवायचा. लग्नाचं सामान त्याच्याच मोटारीने यायचं होतं. त्याचा थोरला भाऊ रमजान आणि या घरातला धाकटा गोमाजी एकाच बोटीवर भट्टीत कोळसा टाकणारे आगवाले म्हणून गेले, एकदमच बोट सोडून लंडनला उतरले आणि तिथल्या विमानतळावर कामाला लागले, तेव्हापासून रऊफला या घरात कोणी पाहुणा म्हणत नव्हतं.

तेवढ्यात शेजारची एक सून हंडा घेऊन आली आणि जाता जाता म्हणाली, "रंगूबाय, तुमचा रऊफभाय पान्यावर एकटाच का बसलाय वो? मी म्हटलं चला, तर नुसती मान हलवली."

रंगूबाईने पदर खोचला आणि ती कोणाला काही न सांगता पाणवठ्याची वाट उतरू लागली.

ही वाट तिच्या पायाखालची होती, आणि या वाटेवर तिने आयुष्यातली सगळ्यात मोठी बढाई मारली होती. गोमाजी तिचा दीर, पण सात वर्षांचा असताना तिच्या पदरात आलेला. त्याला तिनेच वाढवलं. तो समुद्रापार गेला तेव्हा भावकीने त्याचं नावच टाकलं. दूर गेलेला माणूस काय, असून नसल्यासारखा, असं लोक तिच्या तोंडावर बोलले. पुढे गोमाजी विमानावर टपालाची पोती चढवू लागला. त्याने लिहून पाठवलं, 'वहिनी, मी इथं चढवलेलं पोतं सहाव्या दिवशी कराचीला उतरतं. सातव्या दिवशी मुंबई, आठव्या दिवशी महाड. मधे पाच हजार मैल आहेत.' पाच हजार मैल म्हणजे किती, ते कुडपणात कोणालाच उमगलं नाही. पण आठ दिवस सगळ्यांना कळत होते. इथून पायी जेजुरीला जाऊन, खंडोबाचा भंडारा घेऊन परत यायला तेवढेच दिवस लागत. मग काय! रंगूबाई पाणवठ्यावर हंडा घासता घासता ज्याला त्याला सांगायची, "आमचा गोमाजी काय लांब नाय गो. जेजुरीला जाऊन येशील, तेवढ्यावर हाय." बायका हसायच्या. हसून हसून त्यांनीच त्याला नाव दिलं, आठ दिवसांवरचा माणूस. रंगूबाईला ते नाव एखाद्या किताबासारखं वाटायचं.

रऊफ आंब्याखाली बसला होता. तिला पाहताच उठला. त्याचे डोळे पाहून तिचे पाय जागीच थांबले.

"महिपतकाकांनी सांगितलंय, लगीन होईस्तवर वर येऊ नको," तो म्हणाला. "पन तुमाला खोटं सांगायला माझी जीभ रेटत नाय, काकी. गोमाजीदादा गेला."

"कुठं गेला?" तिच्या तोंडून निघालं. लगेच तिने पदराने तोंड दाबलं.

रमजानची चिठ्ठी काल सांजेला महाडला आली होती. थंडीने छाती भरली, तीन दिवस ताप हटला नाही. रमजान शेवटपर्यंत जवळ होता. अग्नीही त्यानेच, ओळखीच्या चार हिंदूंना बोलावून, नीट देववला. "आनि त्यानं लिवलंय," रऊफ म्हणाला, "त्या दिवशी दादाच्या जागेवर मी उभा राहिलो. ज्या पोत्यात ही चिठ्ठी हाय, ते पोतं मीच चढवलं."

रंगूबाई खाली बसली. मग तिने पाण्यात हात बुडवून तोंडावरून फिरवले. रडू येत होतं, पण त्याहून मोठा राग येत होता, आणि तो त्या काखोटीला मारलेल्या पालव्यांचा होता.

"चल वर," ती म्हणाली.

"काका रागावतील."

"रागावू दे. तू माझ्या घरच्या मयताचा सांगावा आनलायस. झाडाखाली बसायचा नाय."

मागच्या परड्यात महिपत मोरुभटांच्या कानाशी लागला होता. रंगूबाईमागून रऊफ आलेला पाहताच त्याचा चेहरा पडला. त्याने चटकन मागचं दार लोटून घेतलं.

"कळलं का?" तो हळूच म्हणाला.

"मला कळलं. तुमी कवा सांगनार हुता?"

"परवा. वरात गेली की." महिपतने हात जोडल्यासारखे केले. "वहिनी, तुमी जरा डोकं शांत ठेवून ऐका. देवक बसलं की मग सुतक लागत नाय, खरं ना वो भटजी? म्हनून मी धावत आलो. आज नववा दिवस. परवा सुतक फिटतंय, आनि मुहूर्त हाय उद्याचा! नुसता एका दिवसाचा घोळ हाय. वैशाखातला हा शेवटचा मुहूर्त. शकू पयली बेटी, जेष्ठात तिचं लगीन लावता येत नाय. मंग चातुर्मास. म्हंजे तुळशीचं लगीन होईस्तवर गप बसायचं. भागोजी थांबंल? गूळपानी उशिरा दिलं म्हनून बैठकीतून उठून गेलेला मानूस तो!"

हे मात्र खोटं नव्हतं. वरंधचा भागोजी, शकूचा होणारा सासरा, मानापानाला भारी कडक होता. त्याला परत बैठकीत आणायला महिपतला वरंधला दोन खेटे घालावे लागले होते. आणि आज ती सगळी वऱ्हाडी मंडळी पोलादपुरात मुक्कामाला यायची होती.

"आनि वहिनी, मला येक सांगा," महिपत कळवळून म्हणाला, "हीच चिठ्ठी बोटीनं आली असती तर? लगीन होऊन, सोळाव्या दिवसाचं मांडवपरतनं होऊन मंग पोचली असती. तवा काय केलं असतं आपन? आंघोळ! तर समजा ना, की ती बोटीनं येतेय. अजून समुद्रात हाय. आमी कुठं आनंदानं सांगतोय? माझाबी भाऊच हुता तो."

बोलता बोलता महिपतच्या डोळ्यांतून पाणी आलं. रंगूबाईला त्याची दया आली. हा माणूस वाईट नव्हता. पुतणीसाठी त्याने आपलं रडणं सकाळपासून गिळून ठेवलं होतं.

मोरुभटांनी घसा खाकरला. "रंगूबाई, चोरून काही करायची गरजच नाही. शास्त्रात देशांतराला वेगळा नियम आहे. मधे महानदी आली, पर्वत आला, भाषा बदलली, की ते देशांतर. इथे तर समुद्रच आला. देशांतरी गेलेल्यासाठी स्नान पुरतं. तुम्ही उघडपणे सांगा, सगळ्यांनी आंघोळ करा, आणि कार्य पार पाडा. कोणी बोट ठेवणार नाही."

"बघा!" महिपतला हुरूप आला. "भटजीच म्हनतायत."

रंगूबाई भटजींकडे वळली. "भटजी, तुमचं शास्तर खोटं म्हनत नाय मी. पन गेल्या साली आमच्या भावकीतला चांगू जेजुरीहून परतताना वारला. मधी किती नद्या, किती डोंगर! तवा तुमी सुतक धरायला लावलंत."

"जेजुरी आपल्या मुलखात आहे, बाई."

"मुलखात हाय, कारन आमी तिथं जातो-येतो. गोमाजीची चिठ्ठीबी दर महिन्याला येत हुती, जेजुरीच्या मानसासारखी. त्याला समुद्रापार गेला म्हनून भावकीनं टाकला, तवा मी भांडले. म्हटलं, तो लांब नाय. सगळ्या गावाला सांगत सुटले, तो आठ दिवसांवर हाय. आनि आज माझ्या लेकीच्या अक्षता अडल्या, तर मी म्हनू तो परमुलखातला? जिता हुता तवा जवळचा, आन मेल्यावर लांबचा?"

मोरुभट शांतपणे म्हणाले, "मी सवलत सांगितली. घ्यायची की नाही, हे घराने ठरवायचं. तुम्ही सुतक धरलंत तर तेही शास्त्रालाच धरून आहे."

"घरानं म्हंजे कोनी?" महिपत उसळला. "कारभारी मी हाय का नाय?"

त्याच वेळी आतून बायकांच्या हसण्याचा लोंढा आला. माजघरात कासार बसला होता. सकाळपासून बायकांचे हात हिरव्या बांगड्यांनी भरत होते. बनुबाई मोठ्याने म्हणत होती, "आवडीला चांगला भरगच्च भर रे! तिचा दादला विमानवाला हाय!"

महिपतने मान खाली घातली. रंगूबाई दार ढकलून आत गेली.

आवडी कासारापुढे बसली होती. गोमाजीची बायको. लग्न होऊन अकरा वर्षं झाली, त्यातली आठ तिने त्याच्या चिठ्ठ्यांवर काढलेली. हसत हसत तिने हात पुढे केला होता. कासाराने तिची बोटं मुडपून पहिली बांगडी मनगटापर्यंत आणली होती.

"थांब रे," रंगूबाई म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. तरी हसणं जागच्या जागी थांबलं. आवडीने वर पाहिलं. रंगूबाईच्या तोंडाकडे, मग दारात टोपी हातात घेऊन उभ्या असलेल्या रऊफकडे. कासाराच्या हातातून तिने आपला हात हळूच काढून घेतला.

"अक्का, खरं सांगा."

रंगूबाई तिच्यासमोर बसली आणि तिने खरं सांगितलं. सगळं सांगितलं. कोण जवळ होतं, अग्नी कोणी दिला, पोतं कोणी चढवलं. आवडीचा हंबरडा मांडवापर्यंत गेला. बनुबाईने धावत येऊन तिला धरलं, आणि तिच्या खांद्यावरून नवऱ्याकडे असं पाहिलं, की महिपत दारातून मागे सरला. सकाळी ठेवणीतलं लुगडं नेसायला निघालेली त्याची बायको आता त्याच्या बाजूला उरली नव्हती.

रडं ओसरल्यावर आवडी जे बोलली ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

"अक्का, देवक बसवा," ती म्हणाली. "मी मागच्या खोलीत बसते. तोंडातून आवाज काढनार नाय. शकूचं लगीन होऊन जाऊ दे. त्यांनाबी तेच आवडलं असतं. शकूला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवली."

"ऐका!" महिपत घाईने म्हणाला. "आवडीच म्हनतेय."

रंगूबाईचा जीव दोन्हीकडे ओढला गेला. समोर आवडी, आणि पलीकडे कोनाड्यापाशी शकू उभी होती, अंगाला उद्याच्या हळदीचा अजून स्पर्शही न झालेली. रंगूबाईला स्पष्ट दिसत होतं, की आपण आता जो शब्द बोलू त्याने या पोरीचं घर बसेल किंवा मोडेल.

"आये, ते लगीन मोडतील काय गो?" शकूने विचारलं.

"मोडतीलबी," रंगूबाई म्हणाली. लेकीला खोटी आशा दाखवणं तिला जमलं नाही.

शकू रडू लागली. तिने कुठलाही मोठेपणा दाखवला नाही. लग्नाच्या आदल्या दिवशीची सोळा वर्षांची पोर जशी रडेल तशी रडली. पण रडत रडतच ती आवडीकाकीपाशी जाऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली.

रंगूबाई उठली. "आवडी, तू मागच्या खोलीत बसायची नाय. त्याची बायको चोरासारखी रडनार नाय या घरात. भावजी, मांडवाची तोरनं उतरवा. पोलादपूरला सांगावा धाडा, मुलीचा सख्खा काका वारला, घर सुतकात हाय. देवक बसलेलं नाय. लगीन तुळशीनंतर. थांबायचं तर थांबा, नाय तर तुमची वाट मोकळी."

"मी जातो," रऊफ म्हणाला.

सगळे महिपतकडे पाहू लागले. तो ओटीच्या खांबाला धरून उभा राहिला. मग अंगणात जाऊन त्याने त्या पालव्या उचलल्या, परड्यात झाडाखाली नेऊन ठेवल्या, डोक्याचं मुंडासं सोडलं आणि खांद्यावर टाकलं.

"तू सोबतीला चल," तो रऊफला म्हणाला. "पन सांगावा घरच्या मानसानं द्यायचा असतो. माझा भाऊ वारलाय. मी सांगीन."

त्या क्षणी रंगूबाईला आपल्या या चेंगट दिराचा केवढा अभिमान वाटला! तिने तो बोलून दाखवला नाही, फक्त त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

दुसऱ्या दिवशी मुहूर्ताची घटका टळायला आली तरी महिपत परतला नव्हता. मांडवाचे नुसते खांब उभे होते. घरात चूल पेटली नव्हती. भावकीतले दोघे-तिघे सुतकाला येऊन बसले होते, आणि त्यांच्यातला एकजण, ज्याने गोमाजीला टाकायला सगळ्यात आधी हात वर केला होता, तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "कशाला एवढं ओढवून घेतलंत, वैनी? आंघोळीनं भागत हुतं." रात्रभर रंगूबाईनेही स्वतःला हाच प्रश्न विचारला होता, आणि दर वेळी शकूचा चेहरा समोर आला होता.

मग खालच्या वळणावर माणसं दिसली. वाजंत्री नव्हती, घोडा नव्हता. पुढे महिपत आणि रऊफ. त्यांच्यामागे दहाबारा पुरुष, पाच-सहा बाया. आणि त्या वऱ्हाडाच्या पुढे, धोतर गुडघ्याच्या वर खोचून, डोक्यावर फडक्याने झाकलेली पाटी घेतलेला भागोजी.

भावकीचे लोक उठून उभे राहिले. हा मानी माणूस ओझं घेऊन डोंगर चढतोय, हे कोणाला खरं वाटेना. भागोजीने ओटीपाशी येऊन पाटी उतरवली. घामाने त्याचं अंग निथळत होतं.

"आमी वराड घेऊन निघालो हुतो, दुखवट्याला आलो," तो म्हणाला.

"बसा," रंगूबाई कशीबशी म्हणाली.

भागोजी बसला. आवडीकडे एकदा पाहून तो रऊफकडे वळला. "ते विमान बसऱ्यावरून येतं म्हनालास तू. उतरतं तिथं?"

"उतरतं. बगदाद, मंग बसरा, मंग कराची."

"माझा थोरला पोरगा बसऱ्याच्या लढाईत गेला," भागोजी म्हणाला. त्याचा तो दरारा आता आवाजात नव्हता. "सा महिन्यांनी कळलं. सगळे म्हनाले, लांब वारला, उशिरा कळलं, आंघोळ करा. आमी नदीवर जाऊन आंघोळ केली, दुसऱ्या दिवशी नांगर धरला. वीस वर्षं झाली. मला ती आंघोळ अजून पुरलेली नाय, बाय. काल तुमचा सांगावा आयकला, आनि पयला मला रागच आला. मंग रातीला आमच्या म्हातारीला, थोरल्याच्या आयेला सांगितलं. ती म्हनाली, ज्या घरानं एवढ्या लांबचा मानूस जवळ ठेवला, त्या घरची पोर सोडून याल तर मला तोंड दावू नका."

त्याच्याबरोबरच्या बायांपैकी एकीने पाटीवरचं फडकं काढलं. पिठलं आणि भाकऱ्या. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, तेव्हा भाकरी आणायची ती सोयऱ्यांनी. दुसऱ्या कोणाची त्या घरात चालत नाही. हे भावकीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मघाचा तो बोलका माणूस मागे सरकून पाटीला जागा करून देऊ लागला. मुहूर्ताची घटका केव्हाच टळून गेली होती आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

रंगूबाईच्या डोळ्यांतून कालपासून अडवून ठेवलेलं पाणी आता वाहू लागलं. तिने ते पुसलं नाही.

भागोजीने इकडेतिकडे पाहिलं. "शकू कुठं हाय? तिला बोलवा," तो म्हणाला. "ही भाकरी तिच्या घरची हाय. तीच वाढंल."

शकू आतून आली. मान खाली, डोळे सुजलेले. तिने पाटीतली वरची भाकरी उचलली, तिच्यावर पिठलं घातलं आणि सगळ्यांच्या आधी आवडीकाकीच्या हातात ठेवली.